न उघडलेले बूच

दिवाळीच्या दिवसांत घरात किती तऱ्हेची तेले वावरतात याची एकदा मोजदाद करावी. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागते ते सुवासिक तेल, पणत्यांतले तेल, चकलीच्या कढईतले तेल, आणि आमच्या मराठवाड्यातली वृद्ध मंडळी जिच्यावाचून ठेच्याला चव नाही असे अजून म्हणतात ती करडईच्या तेलाची धार. ही सगळी तेले डोळ्यांसमोर असतात. ती संपली तर कळते, खवट झाली तर कळते, ओतताना हात सैल सुटला तर गृहिणीच्या चेहऱ्यावरूनही कळते. मला आज लिहायचे आहे ते तेल या कुळातले नव्हे. ते मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, एका ओतीव लोखंडाच्या गोळ्यात, अंधारात राहते. त्याला गंधकाचा उग्र वास असतो. ते आहे की नाही, असल्यास कोणत्या अवस्थेत आहे, हे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. आणि न पाहणाऱ्याचे बहुधा काही बिघडतही नाही. या 'बहुधा'त एक नैतिक प्रश्न दडला आहे. त्याच्यासाठी हा सारा खटाटोप.

बैलगाडीला या गोळ्याची गरज कधी पडली नाही. तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते, आतल्याला कमी. दोघेही आपापल्या गतीने जातात आणि तक्रार कोणाचीच नसते. मोटारीचे तसे नाही. तेथे ओढणारे बैल पुढे नसतात. ताकद इंजिनाकडून एका लांब दांड्यातून मागे येते आणि दोन्ही चाकांना वाटून द्यावी लागते. चाके एकाच दांड्याला पक्की जखडली तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटेल. म्हणून मधे दातेरी चक्रांचे एक लहानसे कुटुंब बसवतात. पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढे मोटारी आल्या तेव्हा ती त्यांच्याकडे वारसाहक्काने आली. तिला म्हणतात डिफरन्शियल. एकाने जास्त चालावे, दुसऱ्याने कमी, आणि ओढ मात्र दोघांना सारखी मिळावी, ही व्यवस्था एकत्र कुटुंबातही क्वचित् साधते. येथे ती लोखंडाने साधली आहे.

परंतु या कुटुंबात घर्षण फार. 'पिनियन' नावाचे लहान चक्र 'क्राउन' नावाच्या मोठ्या चक्राला फिरवते, आणि ते दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतात. साध्या तेलाचा पापुद्रा तेथे टिकत नाही. म्हणून त्या तेलात गंधकाची आणि फॉस्फरसची द्रव्ये घालतात. तो उग्र वास त्यांचाच. आमच्याकडे गॅरेजमध्ये याला 'नव्वद नंबरचे तेल' म्हणतात. कालांतराने ही द्रव्ये खर्ची पडतात, दात्यांची झीज बारीक राखेसारखी तेलात उतरते, आणि तेल आपले काम सोडून त्या राखेची वाहतूक करू लागते. बैलगाडीचे चाक कोरडे पडले तर वेशीपर्यंत कुरकुरत जाते, सारा गाव ऐकतो, आणि कोणीतरी वंगणाची चिंधी पुढे करतो. गोळ्याची कुरकुर फार उशिरा येते. आली तरी ती गाडीत बसलेल्यालाच ऐकू येते, आणि त्यालाही ती ऐकायची असली तरच.

आता माझ्या गाडीविषयी. माझ्याकडे एक स्टँडर्ड हेरल्ड आहे. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून सुमारे दहा वर्षे ही गाडी तयार होत असे. मूळ ती इंग्लंडातल्या ट्रायम्फ कंपनीची, आणि तिचा आकार मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखलेला. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते, त्यामुळे दुरुस्ती करणारा मनुष्य पुढच्या चाकावर बसून इंजिनाशी गप्पा मारू शकतो. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते; जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत या गुणाचे मोल फार आहे. याच गाडीचा सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली 'स्पिटफायर' नावाची उघड्या टपाची, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी काढली. तीही त्याच मिकेलोत्तीच्या हातची. मागचा गोळा दोघींचा एकाच घरातला. म्हणजे माझी गाडी ही एका नाचऱ्या धाकट्या बहिणीची संसारी थोरली बहीण. वकिलीच्या दिवसांत अंबडला, भोकरदनला, परतूरला तारखांसाठी मी तिच्यातूनच गेलो. आता कोट खुंटीवर टांगला आहे, गुडघे क्लच दाबायला कुरकुरतात, आणि मुले म्हणतात, ती विकून टाका.

विकायचे ठरले. पुण्याचा एक तरुण तयार झाला. जुन्या गाड्यांचा शौकीन. छायाचित्रे पाहूनच त्याने निम्माअधिक होकार दिला होता. बायको आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन येईन, आणि गाडी स्वतः चालवत पुण्याला नेईन, असे तो फोनवर म्हणाला. पुणे येथून पावणेतीनशे किलोमीटरांहून जास्त. मी त्याला "अवश्य या" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर आठवले, की गेल्या काही महिन्यांत चाळीस मैलांच्या वेगावर पाय उचलला की मागून एक बारीक आवाज येतो. रडका म्हणावा असाही नाही. लांब कोठे पिठाची गिरणी चालू असावी तसा.

आमचे मिस्त्री मोठे अनुभवी. त्यांनी वडिलांच्या हाताखाली ट्रकांची कामे करीत उमेदवारी केली आणि आता त्यांचे नातू ट्रॅक्टर दुरुस्त करतात. ते माझ्या शेजारी बसून अंबड रस्त्याने मत्स्योदरी देवीच्या टेकडीपर्यंत आले, परत आले, आणि उतरून त्यांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, एकशेचाळीस नंबरचे जाड तेल वरून भरावे, आवाज दबेल. (लाकडाचा भुसा तेलात कालवून घालणारेही महाभाग असतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही युक्ती जगभर ठाऊक आहे, आणि कोठे कोठे तर केळ्याचेही नाव घेतात. मिस्त्रींनी ते नुसते सांगितले, सुचवले नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.) दुसरा, गोळ्याचे बूच उघडून जुने तेल काढून पाहावे आणि नवे भरावे. तिसरा, काहीच करू नये.

"तुमचे मत काय?" मी विचारले.

ते हात पुसत म्हणाले, "वकीलसाहेब, खोललं की माहीत होतं. माहीत झालं की सांगावं लागतं. न खोलता दिलं तर तुम्ही बी खरे, मी बी खरा."

चाळीस वर्षांच्या वकिलीत इतके नेमके विधान मी क्वचित् ऐकले असेल. कारण कायदा अगदी येथेच उभा आहे. आपला कराराचा कायदा १८७२ सालचा. त्याच्या १७ व्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि समजुतीसाठी काही उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. हे कपट नव्हे, असे कायदा म्हणतो. नुसते मौन म्हणजे लबाडी नाही. पण लगेच पुढचे उदाहरण असे : घेणारी जर त्याचीच मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर घोड्यातला दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे : घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन, आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच. एका घोड्यावर एवढी सगळी नीतिमीमांसा ज्याने बसवली त्या मसुदेकाराचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

तरी त्या घोड्याच्या गोष्टीत एक जागा मोकळी आहे, आणि मिस्त्रींचे बोट बरोबर तिच्यावर पडले. उदाहरणातल्या मालकाला दोष *ठाऊक* आहे. ज्याने घोडा कधी पळवून पाहिलाच नाही, तो लंगडेल अशी शंका आल्यावर मुद्दाम त्याला दावणीला बांधून ठेवला, त्याचे काय? तो खोटे बोलत नाही. तो लपवतही नाही, कारण लपवायला त्याच्यापाशी काही नाही. त्याने फक्त एवढी काळजी घेतली आहे की लपवण्याजोगे काही आपल्या हाती येऊ नये.

आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात ही विद्या फार जुनी आहे. बैलाचे दात पाहतात, खूर पाहतात, वशिंडावरून हात फिरवतात, आणि रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरते. पण बैलाची खोड दातांत दिसत नाही. औताला जुंपल्यावर मधेच बसकण मारणारा 'बशा' बैल बाजारात किती रुबाबदार उभा असतो! रीतीप्रमाणे मालकाने खोड सांगायची. म्हणून शहाणा मालक स्वतः बाजारात येत नाही, दलालाच्या हाती कासरा देतो. दलालाला विचारावे तर तो शपथेवर सांगतो, "आपल्याला काय ठाऊक पाटील, आपण तर आज सकाळीच दावं धरलं." आणि शपथ खरी असते. ज्याला ठाऊक आहे तो घरी आहे, जो बाजारात आहे त्याला ठाऊक नाही. दोघे मिळून एक लबाडी पुरी होते, पण दोघांपैकी एकटा कोणीही लबाड ठरत नाही. मोठमोठ्या संस्थांचे कारभार याच रुमालाखाली चालतात. कागद वरच्या टेबलावर जातो तेव्हा त्यातली खोड खालच्या टेबलावर राहिलेली असते.

उलट बाजूही जालन्यातच पाहायला मिळते. हे गाव बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली, पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज बियाण्यांचा धंदा गावाच्या अंगवळणी पडला आहे. बियाणे हा माल विचित्र आहे. घेणाऱ्याला त्याचे अंतरंग दिसत नाही, विकणाऱ्यालाही दिसत नाही. दिसते ते पेरल्यावर, आणि तेव्हा पाऊस होऊन गेलेला असतो. म्हणून १९६६ च्या बियाणे कायद्याने उगवणीची किमान मर्यादा आणि पिशवीवरची चिठ्ठी यांची व्यवस्था केली. पण मला त्याहून कौतुक वाटते ते घरचे सोयाबीन बियाण्यासाठी राखणाऱ्या साध्या शेतकऱ्याचे. तो शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजतो. सत्तर उगवले तर ठीक. शेजाऱ्याला बी देण्याआधीही हे तो करतो. त्याला शेजाऱ्याशी खोटे बोलायचे नसतेच. पण न बोलण्यापुरतेही आपण अडाणी राहू नये, असे त्याला वाटते. गोणपाट सोडणे आणि बूच उघडणे यांत मला फरक दिसत नाही.

एक गंमत अशी, की माझ्या गाडीच्या गोळ्याला खालचे बूच नाहीच. तेल भरायचे आणि पातळी पाहायची एकच जागा, बाजूला. तेल सोडायला भोक ठेवलेले नाही. आजकालच्या कितीतरी गाड्यांत 'आयुष्यभराचे तेल' म्हणून जे भरतात त्याचाच हा पूर्वज म्हणायचा. आयुष्य कोणाचे, गाडीचे की हमीच्या मुदतीचे, हे कोणी विचारू नये. बनवणाऱ्यानेच जेथे पाहायची सोय ठेवली नाही, तेथे पाहण्याचे कर्तव्य विकणाऱ्यावर कोठून येणार, असाही युक्तिवाद करता येईल. मी कोर्टात असतो तर केलाही असता.

मी मिस्त्रींना उघडायला सांगितले.

गाडी आधी दहा मैल फिरवून आणली, म्हणजे तेल ऊन होऊन पातळ झाले. सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावले. मिस्त्रींचा नातू पाना घेऊन खाली शिरला. बूच वर्षांचे बसलेले; पान्यावर नळीचा तुकडा चढवून जोर केला तेव्हा हलले. मग रबरी नळी आत घातली आणि मोठ्या पिचकारीने तेल ओढून काढले. सारे मिळून अर्ध्या लिटराच्या आसपास; त्या गोळ्यात मावतेच तेवढे. मधाच्या रंगाचे असायचे ते काळे निघाले, आणि उन्हात धरले तेव्हा त्यात चंदेरी झाक तरंगत होती. झीज म्हणतात ती हीच. मिस्त्री म्हणाले, इतक्या वर्षांच्या गाडीत एवढी असणारच. नंतर त्यांनी तारेला बांधलेला लोहचुंबक भोकातून तळापर्यंत फिरवला. पहिल्यांदा करडा चिखल आला. दुसऱ्यांदा चिखलाबरोबर एक कण आला, तांदळाच्या कणीएवढा, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसरीने ओबडधोबड.

तो दाताचा टवका होता. कधीचा, हे सांगता येईना. मागल्या मालकाच्या काळातला असेल, गेल्या महिन्यातला असेल. गोळा तसाच आणखी वीस हजार मैल जाईल, किंवा टवक्याच्या मागोमाग अख्खा दाता सुटून दोन चक्रांमध्ये अडकेल आणि भर वेगात मागची चाके जागच्या जागी धरली जातील. मिस्त्रींनी दोन्ही शक्यता सारख्याच शांतपणे सांगितल्या. नवे तेल भरले, ते भोकातून ओघळू लागेपर्यंत. पातळी बरोबर झाल्याची खूण तीच. आवाज थोडा कमी झाला. टवका मी कागदाच्या पुडीत बांधून कोटाच्या खिशात ठेवला.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. त्याचे जहाज जुने, अनेकदा डागडुजी केलेले. देशांतर करणारी कुटुंबे त्यातून समुद्रापार जाणार आहेत. जहाज टिकेल ना, अशी शंका त्याच्या मनात कोणीतरी घातली आहे. तपासणीला खर्च फार. तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही का होऊ नये? कारागिरांवर संशय घेणे बरे नव्हे. देव एवढ्या कुटुंबांचा सांभाळ करीलच. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो आणि हलक्या मनाने तो जहाजाला निरोप देतो. जहाज बुडते, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता यात शंका नाही, पण तो विश्वास धरायचा अधिकार त्याला नव्हता. पुढे तो आणखी बजावतो, की जहाज सुखरूप पोचले असते तरीही मालक दोषीच राहिला असता. हे लिहिणारा क्लिफर्ड स्वतः १८७० साली सूर्यग्रहण पाहायला जाताना सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता आणि निबंधानंतर दोनच वर्षांत, तेहतिसाव्या वर्षी, वारला. काही लोकांना त्याचे म्हणणे फार कडक वाटते. मलाही तरुणपणी वाटे.

मत बदलले ते कोर्टात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या १२ व्या कलमात १९७६ साली दुरुस्ती झाली, आणि लग्नाला संमती मिळवताना महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल फसवणूक झाली असेल तर लग्न रद्द करून मागता येऊ लागले. या कलमाखाली किती तरी आईबाप माझ्यासमोर बसले. त्यांच्यातले उघड खोटे बोललेले थोडे होते. बाकीच्यांनी फक्त डॉक्टर पुढे ढकलला होता. मुलाला अधूनमधून फेफरे येत असे, मुलगी महिनोन् महिने कोणाशी बोलत नसे; घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, लग्न होऊ दे, मग दाखवू. दाखवले तर आजाराला नाव मिळेल, नाव मिळाले तर ते सोयरिकीत सांगावे लागेल. म्हणून नाव मिळू दिले नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून ते शपथेवर सांगत, "साहेब, आम्हाला काही माहीत नव्हते," आणि ते खरे असे. समोर बसलेल्या सुनेकडे किंवा जावयाकडे पाहण्याची मात्र त्यांची छाती होत नसे. आजारात लाज बाळगण्यासारखे काही नव्हते. नाव मिळाले असते तर औषधही मिळाले असते. न पाहण्याची किंमत प्रथम त्या मुलालाच पडली होती.

शनिवारी पुण्याची मंडळी आली. मुलीला बॉनेट उलटताना फार मजा वाटली. तिने ते तीनदा उलटवायला लावले. चहा झाल्यावर मी पुडी सोडली आणि आवाज, काळे तेल, टवका, मिस्त्रींच्या दोन्ही शक्यता, सगळे सांगितले. तरुण बराच वेळ तो कण बोटावर घेऊन पाहत राहिला. मग त्याने इंजिनाबद्दल विचारले, ब्रेकबद्दल विचारले, पत्रा वाकून वाकून पाहिला. ज्या गोष्टी त्याला घटकेपूर्वी निर्दोष वाटत होत्या त्या आता त्याला माझ्या खरेपणामुळेच संशयास्पद वाटू लागल्या. खरे सांगणाऱ्याला हा कर भरावाच लागतो. एक दोष सांगितला की ऐकणारा हिशेब करतो, याने एवढे सांगितले तर राखून किती ठेवले असेल!

त्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः लहान मुलांना घेऊन या गाडीतून पुण्याला गेला असता का?"

मी म्हणालो, "अंबडपर्यंत गेलो असतो. पुण्याला नाही."

कायद्यातल्या दुसऱ्या उदाहरणातली ती नुकती सज्ञान झालेली मुलगी अशी माझ्या ओटीवर चहाचा कप हातात घेऊन बसलेली मी प्रथमच पाहिली. तिचे माझे नाते काही नव्हते. तिने फक्त प्रश्न असा विचारला की तो मुलीनेच विचारावा. कलम लिहिणाऱ्याने नात्याची रेघ घराच्या उंबऱ्यावर ओढली होती, आणि अनोळखी माणसांच्या बाजारात ती कोठेतरी ओढणे त्याला भागच होते, हे मी मान्य करतो. पण ती रेघ एका प्रश्नाने इकडची तिकडे होते, हेही खरे.

विचार करून कळवतो, असे सांगून मंडळी मोटारतळाकडे गेली. काही दिवस झाले, फोन नाही. त्याला दोष देण्यासारखे काही नाही. गोळा पुरा खोलून दुरुस्त करायचा तर क्राउन-पिनियनची जोडी इंग्लंडातून मागवावी लागेल. धाकट्या बहिणीच्या शौकिनांमुळे थोरलीचे भाग अजून तेथे मिळतात. पण तो खर्च गाडीच्या किमतीला भिडेल. मुलांनी दुसराही मार्ग सुचवला आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीत जुने लोखंड वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या आहेत, आणि वजनावर भाव ठरतो तेथे टवक्याचा प्रश्नच येत नाही.

आमच्या मंडळींना ही सगळी हकीकत पसंत पडली नाही. "गोळा उघडून पाहिलात," त्या फराळाचे डबे भरता भरता म्हणाल्या, "मग इंजिन का नाही उघडलं? सांगाडा का नाही ठोकून पाहिला? असं पाहत बसलं तर जगात कोणाला काही विकताच यायचं नाही." आक्षेप बिनतोड आहे असे प्रथम वाटते. सर्वच पाहणे माणसाच्या आवाक्यात नाही, आणि सर्व पाहिल्याशिवाय काही देऊ नये असे म्हटले तर मुलीच काय, म्हशीसुद्धा दावणीलाच राहतील. पण क्लिफर्डच्या मालकाचा गुन्हा सारे जहाज न तपासण्याचा नव्हता. शंका आधी आली होती, आणि ती त्याने झोपवली. गोळ्याचे बूच मी उघडले ते गोळ्याने आवाज केला म्हणून. ऐकलेला आवाज न ऐकलेला करता येत नाही. जाड तेलाने तो गाडीत दबतो, ऐकणाऱ्यात दबत नाही. इंजिनाने आवाज केलेला नाही.

हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला हल्ली ऐकू कमी येतं."

तेव्हापासून रोज सकाळी मी गाडी सुरू करतो, बॉनेट उलटवून पुढच्या चाकावर बसतो आणि दहा मिनिटे इंजिन ऐकतो. काल मिस्त्रींच्या नातवालाही बोलावून ऐकवले. त्याचे कान तरुण आहेत.